ज्वारीच्या कोठीत ठेवलेला फोन

"मुकी हाय का वो पोरगी?"

बाकावर आईच्या पलीकडे बसलेल्या म्हातारीने हे आईच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं. पण तिला स्वतःला कमी ऐकू येत असावं. कारण ते दुकानात सगळ्यांना ऐकू गेलं.

"न्हाय वो," आई म्हणाली. "इंग्लिश मिडियमला हुती."

"आस्सं व्हय," म्हातारी म्हणाली, आणि नुकत्याच आजारातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे मायेने बघितलं.

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. हसू येत होतं आणि रागही. म्हातारीचं तसं चुकलं नव्हतं. तालुक्याच्या लोहारा गावातल्या त्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आम्ही येऊन अर्धा तास झाला होता आणि मी एक शब्द बोलले नव्हते. फोन आईचा, बिघाड आईने सांगितला, नंबर लावला आईने, म्हातारीला सरकायला सांगून जागाही आईनेच मागितली. मी नुसती पिशवी धरून उभी होते, आणि पिशवीत काही जड नव्हतं.

दुकान म्हणजे एक शटर, आत काचेचं काउंटर आणि काउंटरमागे पन्नाशीचे एक काका. कपाळावर सोनाराचं असतं तसं भिंग पट्ट्याने बांधलेलं. पूर्वी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. आमचा टेप दोनदा त्यांनीच चालू करून दिला होता, म्हणून आईचा त्यांच्यावर भरवसा. तिच्या मते जो टेप उघडू शकतो तो काहीही उघडू शकतो.

"हं, काकू, द्या बगू," काकांनी हात पुढे केला.

आईने कमरेची पिशवी उघडून रुमालात गुंडाळलेला फोन दिला. काकांनी तो कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. त्यांनी भिंग डोळ्यावर ओढलं, बारीक स्क्रू काढले, मागचं झाकण प्लास्टिकच्या पातीने उचकटलं आणि फोन काउंटरवर हलकेच आपटला. करड्या रंगाची पूड पडली. तिच्यात ज्वारीचे तीन दाणे होते.

काकांनी त्यातला एक दाणा चिमटीत धरून भिंगाखाली बघितला.

"काकू," ते म्हणाले, "फोन दुरुस्तीला आनलाय का भांडी घासायला? ही राख हाय."

बाकावरचे दोघे-तिघे हसले. आईही हसली. माझे कान तापले, कारण ही सगळी गोष्ट मला माहीत होती आणि तिची सुरुवात माझ्यापासून झाली होती.

झालं होतं असं. आमच्या सास्तूरच्या घरात अंगणात सिमेंटचा हौद आहे. आई कडक भाकरी करते. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर भाजून मग निखाऱ्यावर उभी करून पापडासारखी कडक करायची. ती महिना महिना टिकते. पुण्या-मुंबईकडे जाणारी माणसं ती गठ्ठ्यांनी नेतात. त्या दिवशी पिठाची परात विसळायला आई हौदावर वाकली आणि पोलक्यात खोवलेला फोन सरळ पाण्यात गेला. तिने हात घालून काढला, पदराने पुसला आणि बाबांच्या फोनवरून मला लावला. मी पुण्यात ऑफिसात होते. मीटिंग सुरू होणार होती.

"आई, तांदळात ठेव," मी म्हणाले. "दोन दिवस तांदळात पुरून ठेव, चालू करू नकोस." हे मी कुठेतरी वाचलं होतं. सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

"बरं," आई म्हणाली.

तिने हा सल्ला ऐकला, पण आमच्या घरी तांदूळ किलो-दीड किलो असतो, सणावाराचा. ज्वारी पत्र्याच्या कोठीत दोन पोती. आईने विचार केला, तांदूळ काय आन् ज्वारी काय, शेवटी धान्यच. उलट ज्वारी जास्त, म्हणजे गुण जास्त. तिने कोठीचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घालून फोन मधोमध पुरला. आता आमच्याकडे वर्षभराच्या ज्वारीला कीड लागू नये म्हणून गवऱ्यांची चाळलेली राख चोळून ठेवतात. माझ्या आजोळीही ठेवतात, शेजारीही. मलाही हे माहीत होतं. पण फोनवर "तांदळात ठेव" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पुण्यातल्या माझ्या खोलीतला पारदर्शक डबा होता. आईची कोठी नव्हती.

ओल्या फोनला राख लागली. मी रजा काढून घरी आले तोवर, दोन दिवसांत, तिचा आत लेप झाला.

"ज्वारीत ठिवायला कुनी सांगितलं?" काकांनी विचारलं.

मी मान वर केली. बोलायला तोंड उघडलंही असेन.

"म्याच ठिवला," आई म्हणाली. "दुसरं कोन सांगतंय."

"आवो, तांदळात ठिवनारे बी कमी न्हाईत. नेटवर वाचून येत्यात शिकल्याली मानसं. तांदूळ काय पानी वढतोय व्हय? बंद करायचा, पुसायचा, आन् तसाच मला आनून द्यायचा. तुमी दोन दिवस पुरून बसता, तवर आत गंज चढतोय."

आईने माझ्याकडे बघितलं नाही. अजिबात नाही. त्यावरून मला कळलं की तिने मला मुद्दाम वाचवलंय.

काकांनी थिनरमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने आतला हिरवा बोर्ड घासायला घेतला आणि म्हणाले, तासभर लागेल, बोर्ड जिवंत हाय का मेलाय ते बघून सांगतो.

त्या तासावर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वीपर्यंत आईच्या भाकरीच्या ऑर्डरी तात्यांच्या फोनवर यायच्या. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, आमच्याच ओळीत चार घरं सोडून राहतात. माणूस वाईट नाही. पण ऑर्डर सोमवारी यायची आणि आईला ती बुधवारी कळायची. कधी तात्या स्वतःच भाव ठरवून टाकायचे, "देऊन टाका वहिनी, वळखीचं हायत." कधी कुणाला "आता न्हाय जमायचं तिला" असंही परस्पर सांगायचे, आणि आईला ते महिन्याने एखाद्या लग्नात समजायचं. मग बाबांनी हा फोन आणला. आईला लिहायची सवय नाही, म्हणून सगळं आवाजी मेसेजवर चालायचं. लातूरच्या बाई म्हणायच्या, शंभर पाठवा, तीळ लावून. आई तोंडापाशी फोन धरून मोठ्याने सांगायची, मंगळवारच्या जीपनं येत्यात, डबा परत पाठवा. आमच्या गल्लीत सकाळी दोन आवाज असायचे, भाकरी थापायचा आणि आईच्या मेसेजचा.

आता फोन बंद. सिम बाबांच्या जुन्या बटणाच्या फोनात घातलं होतं, पण त्यात नावाशिवाय नुसते नंबर यायचे, कोण ते कळायचं नाही म्हणून आई उचलायची नाही, आणि आवाजी मेसेज तर येतच नव्हते. रविवारच्या लग्नासाठी लातूरच्या बाईंना दोनशे भाकरी हव्या होत्या. तिळाच्या किती आणि साध्या किती, हे त्यांच्या मेसेजमध्ये होतं, म्हणजे कोठीत होतं.

आदल्या दिवशी तात्या चहाला आले होते.

"वहिनी, कशाला ह्या फोनच्या भानगडीत पडता? माझ्याच नंबरवर येऊ द्या पुन्ना. म्या सांगत जाईन की."

आई चहा गाळत होती. "बघू," म्हणाली. आमच्याकडे बायका पुरुषांना नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. पण तात्या गेल्यावर तिने पातेलं इतकं घासलं की त्याचा कळकटपणा गेला. मला तेव्हा कळलं की उद्या लोहाऱ्याला जायचंच आहे.

माझं मत मात्र ठरलेलं होतं. नवा फोन घ्यायचा. मला नोकरी लागून आठ महिने झाले होते आणि आईसाठी मी अजून धड काही घेतलं नव्हतं. जीपमधून येताना मी मनातल्या मनात तो प्रसंग पुरता रंगवला होता. मी काउंटरवर कार्ड ठेवते आहे, आई "कशाला एवढा" म्हणते आहे, मी "असू दे" म्हणते आहे. मनातल्या प्रसंगात मी पुष्कळ बोलते.

म्हणून तो तास मोकळा मिळाल्यावर मी आईचा हात धरला आणि समोरच्या नव्या मोबाईलच्या दुकानाकडे मान हलवली. आई निमूटपणे आली.

तिथला विक्रेता माझ्या वयाचा असेल. एसी होता, काचेवर गणपती होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडमसाठी का?" मी आईकडे बोट दाखवलं. "काकूंसाठी. मग हा बघा. मोठा स्क्रीन, मोठी अक्षरं, आणि पासवर्ड नको, बोट लावलं की उघडतो. काकू, अंगठा ठेवा."

आईने अंगठा ठेवला. फोनने नकार दिला.

"पुसून लावा काकू."

आईने पदराला अंगठा पुसून लावला. पुन्हा नाही. मग दुसरं बोट, तिसरं बोट. विक्रेत्याने स्वतःच्या रुमालाने काच पुसली, आईला फुंकर मारायला सांगितली.

"राहू द्या बाळा," आई शेवटी म्हणाली. "माझ्या बोटाला रेघाच न्हाईत आता. रेशनच्या मशीनवर बी असंच व्हतं. तव्यानं नेल्या." तिने हात उलटा करून त्याला दाखवला, आणि त्याने खरंच वाकून बघितला.

मी तिचे हात आयुष्यभर बघितलेत. पण बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत हे कधी बघितलं नव्हतं. मग ती स्वतःचा फोन कशी चालवते? तिच्या बोटाने काचेला तरी कळतं का? मला आठवलं, ती बोटाच्या टोकाने नाही, मधल्या बोटाचं पेर वाकवून दाबते. दारावर टकटक करावी तसं. मला ते नेहमी अडाणीपणाचं वाटायचं. पीठ लागलेला हात असला तरी पेर कोरडं असतं, म्हणून तिने ती युक्ती काढली होती.

"पासवर्ड ठेवू की," विक्रेता म्हणाला. "चार आकडे."

आई त्या चकचकीत फोनकडे बघत होती. पडद्यावर एकसारखी गोल चित्रं होती, ओळीने. तिने पेर वाकवलं, आणि ते कुठे टेकवावं ते न कळून परत घेतलं.

"छान हाय," ती म्हणाली. आईचं "छान हाय" मी ओळखते. लग्नात न आवडलेल्या साडीला ती तेच म्हणते.

परत आलो तेव्हा म्हातारीचा नंबर लागून ती गेली होती. काकांनी आईच्या फोनचा बोर्ड साफ करून त्याला दुसराच एक सुटा डिस्प्ले वायरीने जोडला होता. तो काउंटरवर उघडाबोडका पडला होता, आणि चालू होता.

"जिवंत हाय!" काका म्हणाले. त्यांनाच जास्त आनंद झालेला दिसला. "काकू, तुमच्या राखेला पुरून उरला. पन आईका. तुमचा फोल्डर, म्हंजे ही काच आन् तिच्याखालचा डिस्प्ले, गेला. चार्जिंगचा जॅक बी गेला. दोनी बदलायचं, साडेसत्ताविसशे. म्या बसवून दीन. बोर्डाची खात्री मातर देत न्हाय. धा वर्सं चालंल, न्हायतर धा म्हैने."

साडेसत्ताविसशे म्हणजे किती, याचा हिशेब मी मनात इंग्रजीत केला. मराठी आकडे मला अजून दोन पायऱ्यांनी येतात.

"नवा घेतला तर?" आईने विचारलं.

"नवा कवाबी चांगलाच. वर्साची वॉरंटी. खरं सांगू का, माझा धंदा हाय तरी सांगतो, म्या तुमच्या जागी असतो तर नवा घेतला असता." काकांनी भिंग कपाळावर चढवलं. "ठरवा तुमी. तवर ह्याचं टच बगा, समदीकडं चालतंय का."

त्यांनी तो उघडा फोन माझ्या पुढे सरकवला. आईपुढे नाही, माझ्यापुढे. लोक असंच करतात, आणि मीही तो घेतला. इकडे तिकडे बोट फिरवलं. चालत होतं. मग फोनबुक उघडलं.

ते फोनबुक मीच भरलं होतं. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, फोन नवा असताना, एका दुपारी. बाबांच्या वहीतून एकेक नंबर घेऊन, सगळी नावं नीट, पहिलं अक्षर मोठं, आडनावासकट. इंग्रजीत. फोनची भाषाही मी इंग्रजी ठेवली होती. आईला विचारलं नव्हतं. खरं कारण असं की फोनमधली मराठी मलाच कळत नव्हती. त्यातल्या सेटिंगचे मराठी शब्द वाचताना मी अडखळायचे, आणि आईसमोर अडखळायचं नव्हतं. आई तिसरीपर्यंत शाळेत गेली. बसच्या पाट्या ती मोठ्याने वाचते, बोट न लावता, उमरगा, निलंगा, औसा. मला हे माहीत होतं. तरी त्या दुपारी मला ते आठवलं नाही, किंवा मी आठवू दिलं नाही.

आता त्या प्रत्येक इंग्रजी नावाच्या डाव्या बाजूला, जिथे माणसाचा फोटो असतो, तिथे एक वेगळाच फोटो होता.

एक जीपचं चाक. एक लाल बॅग, चेन तुटलेली. एक गिरणीचा पट्टा. एका दाराचं कुलूप. एक म्हशीचं शिंग, बाकीची म्हैस नाही. एक स्टीलचा डबा, झाकणावर पोचा. मी खाली खाली सरकवत गेले. साठ-सत्तर फोटो असतील, बरेचसे हललेले, काहींत आईची सावली पडलेली.

"आई," मी हळूच म्हणाले, "हे काय आहे?"

"ते व्हय?" ती माझ्या खांद्यावरून वाकली. "त्ये चाक जीपवाल्याचं. ही लाल बॅग, लातूरच्या बाई. पैल्यांदा आल्या तवा आनली हुती. पोचा आल्याला डबा मुरूमच्या हाटेलवाल्याचा, त्यो डबा लवकर परत करत न्हाय. कुलूप म्हंजे ते सर, कवाबी जावा, घराला कुलूप."

काका हसायला लागले. "आन् म्हस कुनाची?"

"दूधवाली. लई मारकी हाय." थोडं थांबून आई म्हणाली, "म्हस."

"मानसांचंच फोटो काढायचं की काकू."

"न इचारता कसं काढायचं? आन् इचारायचं म्हंजे सांगावं लागतंय कशाला पायजे. नाव वाचता येत न्हाय म्हनून, असं सांगू व्हय?"

ती हे सहज म्हणाली, तक्रार म्हणून नाही. नाव वाचता येत नाही म्हणून. तिला वाचता येत होतं. मी तिच्या फोनात तिला न येणारी लिपी भरून ठेवली, आणि तिने कुणालाही न सांगता, चार वर्षं, एकेक चाक आणि एकेक बॅग टिपत दुसरं फोनबुक केलं. रजेवर आले की मी तिला म्हणायचे, तुला फोन छान जमतो की. आणि माझ्या मनात त्याचं श्रेय माझ्याकडेच होतं.

मी वर सरकवत आले. एकाच नावापुढे फोटो नव्हता. माझ्या.

"माझा नाही काढलास?"

"तुझं नाव वळखू येतंय की मला," आई म्हणाली. "तुझ्या वह्यांवर हुतं, कव्हरवर. पैलीपासनं बघत आलीया. तेवढं एक इंग्लिश येतंय."

पहिलीपासून बारावीपर्यंत माझ्या वह्यांना ती कव्हर घालायची. खाकी कागद, चार कोपरे दुमडून. माझं नाव मी घालायचे. तिने ते अक्षरांनी वाचलं नव्हतं, एखादी रांगोळी लक्षात ठेवावी तसं ठेवलं होतं.

काकांनी तोवर फोन स्वतःकडे वळवून घेतला होता. "आवो, हा इंग्लिशमधी कशाला ठिवलाय? मराठी करून देतो की. एक मिन्टाचं काम. काकूंना बरं पडंल."

"नगं, राहू द्या," आई पटकन म्हणाली. "तिनं लावून दिल्यालं हाय. आसू द्या तसंच."

तिने हे माझ्यासाठी म्हटलं. एका तासात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा मी गप्प बसले होते आणि दोष तिच्या पदरात पडू दिला होता. मला लहानपणापासून गप्प बसणं सोपं गेलंय. शाळेत इंग्रजीत चूक होईल म्हणून, गावात मराठी पुस्तकी वाटेल म्हणून, तात्यांसमोर त्या मोठ्या माणसांच्या गोष्टी म्हणून. गप्प माणसाला कुणी चूक म्हणत नाही. पण माझ्या गप्प बसण्याची भरपाई कुणीतरी करत होतं, आणि ते माणूस माझ्या शेजारी उभं राहून डबे आणि कुलपं समजावत होतं.

"मग?" काकांनी विचारलं. "काय ठरलं? फोल्डर टाकू का नवा घेताय?"

आईने माझ्याकडे बघितलं. "ती सांगंल," ती म्हणाली. "तिला कळतंय."

आता दुकानातले सगळेच माझ्याकडे बघायला लागले. एक माणूस चार्जर घ्यायला आला होता, तोही. समोरच्या दुकानाच्या काचेत तो नवा फोन उभा केलेला दिसत होता. तो खरंच चांगला होता. आणि काका म्हणाले ते बरोबरच होतं, बोर्डाची खात्री नव्हती. दहा महिन्यांनी हा पुन्हा बंद पडला असता तर तात्या पुन्हा चहाला आले असते. माझ्या पगारात नवा फोन बसत होता. सगळे हिशेब एका बाजूला झुकत होते.

पण ते सगळे हिशेब माझे होते. मी आईला विचारलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वी नाही, त्या दिवशी फोनवर नाही, आत्ता जीपमध्येही नाही. समोरच्या दुकानात तिचं पेर हवेतच थांबलेलं मी बघितलं होतं, आणि तरी मी अजून मनात कार्ड काढत होते.

"आई, तुला कुठला पाहिजे?" मी विचारलं. इतक्या हळू, की तिला पुन्हा विचारावं लागलं, "काय?" मी पुन्हा म्हणाले.

तिने काउंटरवरच्या त्या उघड्या, वायरी लोंबणाऱ्या फोनवर मधल्या बोटाचं पेर टेकवलं. लाल बॅग उघडली. काकांनी तपासायला दुकानाचं वाय-फाय जोडलं होतं, त्यामुळे खाली लातूरच्या बाईंचे न ऐकलेले चार मेसेज आले होते. तिने पहिला दाबला. दुकानभर आवाज घुमला: "मावशी, तिळाच्या सव्वाशे करा, आणि फोन का उचलत नाही हो, बऱ्या आहात ना?"

"बरी हाय, बरी हाय," आई त्या फोनला म्हणाली, बटण न दाबताच. मग तिच्या लक्षात आलं आणि ती लाजली. पण तिचा चेहरा उजळला होता. तिने माझ्याकडे वळून अगदी बारीक आवाजात सांगितलं, "ह्योच. ह्याच्यात मला समदी घरं ठावं हायत. बंद पडला तर पडला, तवाचं तवा बगू. पन नवा घ्यायचा आसंल तुला, तर…"

तिने वाक्य तिथेच सोडलं. माझ्यासाठी जागा ठेवली. तिला वाटत होतं की मी "नवाच घेऊ" म्हणेन, आणि मग ती "छान हाय" म्हणेल.

चार्जरवाला माणूस आता उघड उघड ऐकत होता. पुस्तकी तर पुस्तकी, मी मनात म्हटलं.

"काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आईला हाच पाहिजे. ह्याचाच फोल्डर बदला, जॅकही बदला, आणि आतला एकही फोटो जाऊ देऊ नका. फोन धान्यात ठेवायला मी सांगितलं होतं, तिने नाही. आणि भाषा मराठी…" मी आईकडे वळले. "नको. भाषा कुठली ठेवायची, ते आई, तू सांग त्यांना."